एकशे सात नंबरचा चौकोन

“मग घरटी गेली कुठं?” कापगते गुरुजींनी विचारलं.

“गेली नाहीत, गुरुजी. तिथं नव्हतीच.”



प्रणिताने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर त्यांच्याच गावाचा नकाशा होता. तलाव निळा, धानाची शेतं हिरवी. वर एकेक किलोमीटरचे चौकोन आखलेले. एकशे सात नंबरच्या चौकोनावर तिने बोट ठेवलं. तलावाच्या पश्चिम काठाचा तो चौकोन. अगदी रिकामा.

“या चौकोनातल्या सारसांच्या नोंदी शोध म्हटलं, की उत्तर येतं शून्य. मी तीनदा शोधून पाहिलं.”

“शून्य...”

“हो, गुरुजी.”

गुरुजी एक्याऐंशी वर्षांचे होते. तलावाच्या पाळीजवळच्या शाळेत त्यांची सगळी नोकरी झाली. एकतीस पावसाळे त्यांनी आसपासच्या गावांतली सारसांची घरटी मोजली होती. कोणी सांगितलं नव्हतं. नऊ वह्या भरल्या. तारीख, अक्षांश, रेखांश, अंडी किती, पिल्लं किती, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना.

प्रणिता पटले त्यांचीच विद्यार्थिनी. पुढे ती मोठ्या शहरात शिकली. पक्ष्यांवर आणि नकाशांवर तिने काम केलं, नाव मिळवलं. आता याच भागातून विजेची मोठी तार जाणार होती. सारस अंगाने जड. उडताना त्याला लवकर उंच उठता येत नाही आणि तार त्याला दिसत नाही. म्हणून ठरलं होतं, ज्या चौकोनात घरट्याची नोंद आहे तो टाळायचा, तार वळवून न्यायची. चौकोनांची यादी प्रणिताने द्यायची होती. आज पाचच्या आत.

कच्ची यादी तिने कालच पाठवली होती. पक्की पाठवण्याआधी गुरुजींना भेटून सांगावं, म्हणून ती आली होती.

“तुमच्या नऊही वह्या मी स्वतः भरल्या संगणकात,” ती म्हणाली. “दोन महिने लागले. एक आकडा सोडला नाही.”

“कष्ट घेतलेस.”

“त्यातली अकरा घरटी...” ती थांबली. “अकरा घरटी पलीकडच्या चौकोनात पडतात. एकशे आठमध्ये. तलावाच्या खोल पाण्यात. तिथं दोन पुरुष पाणी आहे, गुरुजी. सारस तिथं घरटं करत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत.”

“नाही करत.”

“म्हणून मी ती काढून टाकली.”

गुरुजींनी मान हलवली. जणू तिने बाजारातून काय आणलं ते सांगितलं होतं.

“वय होतं, गुरुजी,” ती हळूच म्हणाली. “कोणाच्याही हातून आकडे इकडचे तिकडे होतात. त्यात काही...”



गुरुजी उठले. फळीवरून सातवी वही काढली. पानं उलटून एक ओळ शोधली. खिशातला पेन काढून तिच्यापुढे धरला.

“मग इथंही खोड.”

“वहीत कशाला? वही राहू द्या ना.”

“खोटं असेल तर वहीत तरी का राहावं?”

तिने पेन घेतला. टोक कागदाला लागणार, तेवढ्यात गुरुजींनी वही मिटली.

“इथं नको. एकशे सातमध्ये जाऊन खोड.”

“गुरुजी, पाचच्या आत मला...”

“आता साडेदहा झालेत.”

त्यांनी वही तिच्या हातात दिली, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि काठी घेतली.

पाळीपर्यंत गाडी गेली. पुढे शेतांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्याने चालायचं होतं. भादव्याचं ऊन होतं. धान कमरेएवढं झालेलं. गुरुजी दहा पावलं चालत आणि थांबत. प्रणिता घड्याळ पाही आणि त्यांच्यासोबत थांबे.

“आईचा गुडघा कसा आहे?” त्यांनी मध्येच विचारलं.

“बरा आहे. जिने चढवत नाहीत.”

“तिला म्हणावं, इकडं ये. इकडं जिने नाहीत.”

तिला हसू आलं. आल्यापासून पहिल्यांदाच.

बिरजाबाई उके आपल्या बांधीच्या, धानाच्या खाचराच्या, धुऱ्यावर गवत कापत होती. पन्नाशीची, उन्हाने रापलेली. गुरुजींना पाहताच तिने विळा खाली ठेवला.

“काहून जी गुरुजी, एवढ्या उन्हात?”

“ही प्रणिता. माझी विद्यार्थिनी. तुझ्या बांधीतलं घरटं खोडायला आली आहे.”

बिरजाबाईने प्रणिताकडे पाहिलं. मग तिच्या हातातल्या पेनाकडे.

“खोडाले?”

“कागदावरचं, मावशी,” प्रणिता घाईने म्हणाली. “नकाशावर इथं घरटं दिसत नाही. नोंदच नाही.”

“नोंद नाही...” बिरजाबाईने शब्द तोंडात घोळवला. “मंग नवू वर्सं मी काय राखलो?”

प्रणिताने पेन मुठीत लपवला.

“त्या कोपऱ्यात मी धानाचा रोवणा करत नाही. माह्या सासूनं सांगतलं होतं, तेवढं त्यायले राहू दे. नवू वर्सं झाली. लोक हासतात. धान टाकून गवत पिकवतं म्हणतात.” तिने हात लांब केला. “थे पाय.”

चाळीसेक पावलांवर, बांधीच्या कोपऱ्यात, पाण्यातून गवताचा ढीग वर आला होता. ढिगाशेजारी सारस उभा होता. माणसाएवढा उंच. लाल मान ताठ. तो या तिघांकडेच पाहत होता.

“पुढं नको जाऊ,” गुरुजी म्हणाले. “इथूनच.”

प्रणिताने दुर्बीण डोळ्यांना लावली. ढिगावर मादी बसली होती. ती जराशी उठली, पंख सावरले, चोचीने खाली काहीतरी सरकवलं. तिच्या पोटाखाली एक अंडं दिसलं. आणि अंड्याला टेकून, अजून ओलंच, तपकिरी पिल्लू.

प्रणिताने दुर्बीण खाली घेतली. पुन्हा वर केली.

“आज पहाटे निंगालं,” बिरजाबाई म्हणाली. “दुसरं उद्या निंगंल.”

“वही उघड,” गुरुजी म्हणाले.

तिने उघडली.

“खोड आता.”



प्रणिताने मोबाइल काढला. आपण कुठं उभे आहोत ते त्यावर पाहिलं. चौकोन एकशे सात. वहीतला अक्षांश पाहिला, रेखांश पाहिला. मोबाइलवरचे आकडे पाहिले. पहिले आकडे सगळे जुळत होते. शेवटचे जुळत नव्हते.

वहीतले आकडे तिने मोबाइलमध्ये घातले आणि म्हटलं, आता मला तिथं ने.

मोबाइलवर बाण उमटला. बाण पूर्वेकडे वळला. घरट्यावरून, बांधीवरून, काठाच्या लव्हाळ्यावरून पुढं गेला. एकशे ऐंशी मीटर.

तिने त्या दिशेला पाहिलं. तिकडे फक्त तलाव होता. मोकळं, खोल, चकाकणारं पाणी.

ती धुऱ्यावर बसली. ओल्या मातीत, तशीच.

“गुरुजी, तुम्ही हे आकडे कशावरून काढायचात?”

“शाळेतल्या नकाशावरून. पाटबंधाऱ्याच्या एका साहेबांनी दिला होता. पट्टी लावायची, मोजायचं, लिहायचं.”

“वर्गात टांगलेला? वर-खाली काठी लावलेला?”

“तोच. मी शाळेत येण्याच्याही आधीचा.”

तिने डोळे मिटले. चौथीत ती त्याच नकाशाखाली बसायची. कोपऱ्यात बारीक अक्षरांत काहीतरी छापलेलं असायचं. ते तिने कधी वाचलं नव्हतं.

“जुनी मोजणी,” ती स्वतःशीच म्हणाली. “आणि मी संगणकाला ते सांगितलंच नाही. आकडे कोणत्या मोजणीचे, असं त्यानं मला विचारलं होतं. मी न वाचता हो म्हटलं...”

“काय झालं वं माय?” बिरजाबाई जवळ येऊन बसली. “गुरुजी चुकले का?”

“नाही. गुरुजी नाही चुकले.”

“मंग नकाशा चुकला?”

“तोही नाही.”

“मंग कोण जी?”

प्रणिताने आजूबाजूला पाहिलं. धुऱ्यावर बिरजाबाईची पाण्याची घागर होती. तिने गुरुजींपुढे हात केला. गुरुजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढून दिला.

“ही पृथ्वी, मावशी. घागरीसारखी गोल. आणि नकाशा या फडक्यासारखा सपाट.” तिने दुपट्टा घागरीच्या पोटावर दाबून धरला. “हे नीट बसवा बरं.”

बिरजाबाईने कपडा ओढला. एका बाजूला ताणला, तर दुसऱ्या बाजूला चुण्या पडल्या. चुण्या मोडल्या, तर पहिली बाजू सैल झाली.

“बसत नाही.”

“कोणालाच बसवता येत नाही. जुन्या लोकांनी एका तऱ्हेनं ताणलं. आता दुसऱ्या तऱ्हेनं ताणतात. घागर केवढी आहे, हेही तेव्हा जरा वेगळं धरलं होतं. त्यामुळं एकाच जागेला दोन आकडे. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. वरचे हे चौकोनसुद्धा पडद्यावर सरळ दिसतात, जमिनीवर किंचित तिरपे पडतात.” तिचा आवाज खाली गेला. “मी जुन्या फडक्यावरचे आकडे उचलले आणि नव्या फडक्यावर तसेच ठेवले. सगळं दोनशे पावलं सरकलं. काठाला असलेली घरटी पाण्यात गेली. आणि पाण्यात दिसली म्हणून मी ती पुसली.”

बिरजाबाईने विचार केला.

“म्हंजे माही बांधी सरकली?”

“नाही, मावशी. बांधी होती तिथंच आहे.”

“तेच तं म्हणतो मी.”

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी वाकून वहीच्या त्याच ओळीवर बोट ठेवलं. शेवटच्या रकान्यावर.

प्रणिताने वाचलं. *बिरजाबाई उके यांची बांधी. ईशान्य कोपरा. धुऱ्यावरच्या बाभळीपासून चाळीस पावलं.*

ती ज्या सावलीत बसली होती, ती त्या बाभळीची होती.

“हा रकाना...” तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं. “हा रकाना मी भरलाच नाही. संगणकात त्याला जागा नव्हती.”

गुरुजींनी दुपट्टा घेतला, झटकला आणि पुन्हा खांद्यावर टाकला.

सारसाने मान खाली घालून पाण्यातून काहीतरी उचललं. मादीने ते चोचीत घेतलं.

मग प्रणिताने तारेचं काम पाहणाऱ्या साहेबांना फोन लावला.

“साहेब, मी प्रणिता पटले. काल पाठवलेली यादी रद्द करा.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

“नाही, नोंदी बरोबर आहेत. वह्या बरोबर आहेत. चूक माझी आहे.” ती थोडी थांबली. “हो, लेखी देते. कच्च्या यादीसोबत गुरुजींच्या म्हातारपणाबद्दल मी जे लिहिलं होतं, तेही मागं घेते.”

पलीकडचा आवाज जरा वाढला.

“पाचच्या आत देते, साहेब.”

बिरजाबाईचं घर जवळच होतं. तिच्या ओसरीत प्रणिता लॅपटॉप घेऊन बसली. गाडीवाल्याने गुरुजींच्या घरून बाकीच्या वह्या आणून दिल्या. नऊ वह्यांत दोनशे बारा घरटी. आकडे नव्या मोजणीत आणायला संगणकाला एक मिनिट लागलं. पण प्रणिताने तेवढ्यावर सोडलं नाही.

“गुरुजी, शेरे वाचाल?”

गुरुजींनी भिंग काढलं. ते वाचत गेले. लांजेवारांचं शेत, मोरीच्या खाली. मशिदीमागची बोडी, दक्षिण काठ. ढालसिंगची बांधी, दोन आंब्यांच्या मधल्या चिखलात. ती एकेक ठिकाण उपग्रहाच्या चित्रावर पाही. मोरी दिसे. बोडी दिसे. आंबे दिसत, कधी दोन, कधी एकच उरलेला. आणि घरट्याचा ठिपका बरोबर त्यांच्याजवळ जाऊन बसे.

कधी गुरुजींचा घसा बसला, की बिरजाबाई पुढचं सांगे. तिला वाचता येत नव्हतं. पण कोणत्या शेतात कोणत्या साली पिल्लू जगलं नाही, ते तिला ठाऊक होतं.

दुपारी तिने भात आणि अंबाडीची भाजी वाढली. प्रणिता एका हाताने जेवली आणि दुसऱ्या हाताने काम करत राहिली.

अकरा घरटी पाण्यातून निघून काठावर आली. एकशे सात भरला.

पण साडेचारला ती थबकली.

“गुरुजी, शहाण्णव नंबरचा चौकोन रिकामा होतोय.”

“म्हणजे?”

“काल तिथं तीन घरटी दिसत होती. ती शेजारच्या चौकोनातली निघाली. आता शहाण्णवमध्ये काहीच नाही.” ती जरा घुटमळली. “दोन्ही ठेवू का? कालच्या यादीत आहेच तो. कोणाला कळणार नाही. एक चौकोन जास्त वाचला तर सारसांचं बरंच होईल.”

“शहाण्णवमध्ये सारस आहे?”

“नाही.”

“शेऱ्यात आहे?”

“नाही.”

गुरुजींनी भिंग पुसलं आणि पुढचा शेरा वाचायला घेतला.

तिने शहाण्णव काढून टाकला.

पाचला चार मिनिटं कमी असताना यादी गेली. सोबत एक पत्र गेलं. त्यात काय चुकलं, कसं चुकलं आणि कोणाकडून, ते सरळ लिहिलं होतं. खाली तिची सही.

पत्राबद्दल तिला पुढे बरंच ऐकून घ्यावं लागलं. एका बैठकीत एकाने तिच्यासमोरच विचारलं, की बाईंना नकाशा वाचता येतो ना. ती म्हणाली, शिकते आहे. पुढच्या वर्षी तारेचा मार्ग बदलला. ती तलावाच्या पश्चिम काठाला न येता लांबून, रस्त्याच्या कडेने गेली. बिरजाबाईच्या धुऱ्याशी तारेच्या मार्गासाठी ठोकलेली लाल कापडाची खूण एक माणूस येऊन उपटून घेऊन गेला. बिरजाबाईने त्याला चहा पाजला. संगणकातल्या नोंदींना प्रणिताने शेऱ्याचा रकाना जोडून घेतला. त्यासाठी तिला चार महिने भांडावं लागलं.

पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी यादी गेल्यावर तिने लॅपटॉप मिटला आणि ओसरीच्या कडेला गुरुजींजवळ येऊन बसली. ऊन कलतं झालं होतं.

“मी त्यांना लिहिलं होतं, गुरुजी, की तुमची आठवण आता दगा देते.”

“देते ना. सकाळी चष्मा शोधत होतो. डोळ्यावरच होता.”

तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. तिने तोंड वळवलं. गुरुजींनी दुसरीकडे पाहिलं.

“सकाळीच का नाही सांगितलंत, की मी चुकते आहे?”

“घरटं कुठं आहे ते मला ठाऊक होतं,” गुरुजी म्हणाले. “तू कुठं चुकतेस ते नव्हतं.”

बांधीकडून सारसाची हाक आली. लांब, घोगरी. लगेच दुसरीने तिला साथ दिली. बिरजाबाई आत भांडी घासत होती. तिचा हात क्षणभर थांबला, पुन्हा चालू झाला.

एक प्रश्न प्रणिताला दुपारपासून छळत होता. तो शेवटी तिने विचारला.

“गुरुजी... आणि आज घरटं रिकामं असतं तर? पिल्लू केव्हाचं निघून गेलेलं, दोघं सारस दुसरीकडे उडून गेलेले, आणि मला तिथं नुसतं गवत आणि पाणी दिसलं असतं तर? माझ्या हातात पेन होता. मी खोडलंच असतं.”

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“तर खोडण्याआधी तू अजून थोडी चालली असतीस.”